मामांचं रिव्हॉल्वर, अप्पांची कंबर

वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून दहावीतल्या सौम्याचं ठाम मत झालं होतं, की कायद्यातलं काही विचारायचं तर जनवाड्यात वकील नको, आपण पुरे.

त्यामुळं थोरल्या बहिणीच्या, प्रेरणाक्काच्या साखरपुड्याच्या सकाळी अप्पा डोकं धरून बसले, तेव्हा तीच धावून गेली. अप्पांचं रिव्हॉल्वर दुरुस्तीला गेलेलं. आणि अफजलपूरच्या व्याह्यांना त्यांनी मिशीला पीळ देत सांगून ठेवलेलं, "कमरंला ते असल्याबिगर मी घराभाईर पडत न्हाई."

"माझं घ्या की दाजी," सिद्धलिंगमामा म्हणाले. "तुमच्याकडं बी लायसन, माझ्याकडं बी लायसन. घमेलं मागून नेल्यावानी हाय."

"लायसनवर हत्याराचा नंबर असतोय, मामा. तुमचं अप्पांच्या कमरंला घावलं तर दोघांचं बी लायसन जाईल," सौम्यानं बजावलं.

अप्पांचा चेहरा पडला. लायसन ते देवघरात, बसवण्णांच्या फोटोमागं ठेवायचे. सौम्यानं मोबाइलवर कायदा काढला. "हे बघा. मालक समक्ष असला तर दुसऱ्यानं बाळगलं तरी चालतंय."

दोघंही तिच्याकडं न्यायाधीशाकडं बघावं तसं बघू लागले.

झालं. नौबादच्या मंगल कार्यालयात अप्पांच्या डोक्याला फेटा, कमरेला रिव्हॉल्वर आणि रिव्हॉल्वरला चिकटून मामा. अप्पा स्टेजवर, मामा स्टेजवर. अप्पा पंगतीत बसले, मामांनी शेजारच्याला उठवलं. अप्पा लघवीला गेले, मामा दाराशी खाकरत उभे. 'समक्ष' म्हणजे किती फूट, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

व्याही हरखून गेले. "पावणं, अंगरक्षक बी ठिवलाव व्हय?"

"अंगरक्षक कुणाला म्हणायलाव?" मामा उसळले. "मी नवरीचा मामा. आन् ते रिव्हॉल्वर माझं हाय!"

नवरदेवाच्या आत्या हातातली जिलबी ठेवून उठल्या. हिरवी इरकल, केसांत अबोली. राजश्रीअक्का. पोलीस इन्स्पेक्टर.

"हे चालतंय म्हणून कोण सांगितलं?"

सगळ्यांची बोटं एकीकडंच वळली. सौम्यानं मोबाइल पुढं केला. अक्कांनी तो घेतलाच नाही. अख्खं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं, बसवण्णांचं वचन म्हणावं तसं.

"मालकाच्या समक्ष, न्हाईतर त्याच्या लेखी परवानगीनं नेता येतंय. पर दुरुस्तीसाठी, लायसन नवं करायसाठी, किंवा त्या मालकाच्याच वापरासाठी. पावणं, ह्यातलं काय चाललंय? फेट्याची दुरुस्ती?"

स्क्रीन पहिल्याच ओळीवर संपत होती. सौम्यानं अंगठा सरकवलाच नव्हता. पण लाजायचंही ती विसरली. आवाज न चढवता या बाईनं दोनशे माणसांचे घास हातातच थांबवले होते. अक्कांनी रिव्हॉल्वर घेतलं, दोन बोटांत उघडलं, मोकळं असल्याची खात्री केली, नंबर मामांच्या लायसनशी ताडला आणि त्यांच्या हवाली केलं. सौम्याला वाटलं, ते हत्यारसुद्धा हात बांधून उभं राहिलंय.

"गोळी न्हाई म्हणून समज देऊन सोडतेय. पुन्हा दिसलं तर दोघांची लायसन रद्द करा म्हणून मीच लिहिणार. पावणंपण बघणार न्हाई." आणि त्या जिलबी खायला बसल्या.

अप्पांनी तो धसका चांगलाच घेतला. काल सौम्या शेजारच्या यल्लम्माक्कांकडून इडलीपात्र आणायला निघाली, तर अप्पा दारात आडवे.

"नुसतं पात्र आणू नकोस. त्यास्नी बी संगं आण."

यल्लम्माक्का आल्या. शेवटची इडली संपेपर्यंत पात्राजवळून हलल्या नाहीत. अठरातल्या अकरा त्यांनीच खाल्ल्या.