माती मूठ सोडते

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात राहायला आल्यानंतरची माझी पहिली आठवण दृश्याची नाही, वासाची आहे. भाताची खाचरं तुडुंब भरलेली, हवेत ओल्या गवताचा गारवा, आणि त्या गारव्याला चिरत आलेला नासक्या अंड्यांचा भपकारा. मी नाकाला पदर लावला. शेजारच्या खाचरात मात्र एक बुटक्या, चष्मा लावलेल्या बाई पोटरीभर चिखलात उभ्या होत्या, आणि केवड्याचं कणीस हुंगावं तसा ओंजळीतला काळा चिखल डोळे मिटून हुंगत होत्या.

"वा!" त्या म्हणाल्या, "गंधक बोलायला लागला."

या सुमतीबाई, माझ्या शेजारीण. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्या नवऱ्यासह इथे आल्या, घराला लागून एक खाचर घेतलं, आणि शिकवणं थांबवायचं असतं हे विसरून गेल्या. मी राहायला आले तेव्हा त्या एकट्याच उरल्या होत्या. माझ्याकडे प्रथम आल्या त्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझ्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि विचारलं, "माती श्वास घेते, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक नव्हतं. चहा निवेपर्यंत झालं. पाणी साचलं की मातीतली हवा संपते; मग तिच्यातले जिवाणू हवेवाचून लोखंडावर गुजराण करू लागतात. एरवी हे लोखंड तांबडं होऊन घट्ट बसलेलं असतं, पिकाला लागणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुठीत आवळून. हवा गेली की ते विरघळतं, आणि मुठीतलं सारं सुटतं. लोखंडही पुरेनासं झालं की पाळी गंधकाची. तो वास त्याचा.

"थोडक्यात काय," रिकामा कप पालथा घालत त्या म्हणाल्या, "हवा गेली, की माती मूठ सोडते."

पुढे कळलं, की हे वाक्य त्या कशालाही लावतात. मालिकेतली सोशीक सून गप्प बसली, की "हिची हवा संपत आली, आता मूठ सोडणार बघ." ग्रामसभेत कुणाचा आवाज चढला, की त्या उठून आधी खिडकी उघडत. "हवा खेळती ठेवा हो!" त्यांच्या स्वतःच्या घरात तर ताम्हिणीकडून पावसाचे लोट येत असतानाही खिडक्या सताड उघड्या. त्यांच्या चादरींना कायम ढगाचा वास येई, आणि पापड तळल्यावरही मऊच राहत.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र गेरूच्या खुंट्यांनी चढवला. पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांना त्यांनी गेरू फासला आणि त्या आपल्या खाचरात ओळीने रोवल्या. गेरू म्हणजे लोखंडच. जिथे हवा नसेल तिथे माती तो खाऊन टाकणार, असा हिशेब. हिराबाई शेळ्या घेऊन बांधावरून चालली होती. धनगराची ही बाई शेळ्यांइतकीच माणसंही सहज हाकते. ती थबकली.

"बाई, ह्या खुट्या कसल्या? मोजनी आली का काय?"

"मोजणी नव्हे ग. मातीचा श्वास बघतेय."

"का, दमा झालाय व्हय तिला?"

पण मोजणी हा शब्द एकदा उच्चारला गेला होता, आणि आमच्या मुळशीत त्याला पाय नव्हे, चाकं असतात. दुपारपर्यंत सुमतीबाईंच्या खाचरातून नवा रस्ता निघाला. संध्याकाळपर्यंत तो चौपदरी झाला. जवळच्या चांदे गावाहून काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ मोटारसायकलवर येऊन "मावशी, प्लॉट कधी सुटतायत?" असं विचारून गेला. दुसऱ्या दिवशी पाहावं तर खाचरात एकही खुंटी नाही. ज्यांना रस्ता हवा होता त्यांनी खुंट्या आपल्या वावरात ओढून नेल्या होत्या. ज्यांना नको होता त्यांनी आपल्या वावराजवळ आलेल्या खुंट्या भावकीच्या वावरात ढकलल्या होत्या.

"माझा प्रयोग गावाने वाटून घेतला!" सुमतीबाई संतापून म्हणाल्या. पण लगेच त्यांचे डोळे चमकले. "बरंच झालं म्हणा. आता सगळ्या शिवाराचा श्वास कळेल."

काही आठवड्यांनी आम्ही गावभर फिरून खुंट्या उपटल्या. वरचं टोक कुंकवासारखं तांबडं, आणि चिखलातला भाग हाडासारखा पांढरा. हिराबाईने बोट फिरवून निकाल दिला, "रंग कच्चा हाय."

"रंग पक्का आहे, हिराबाई. हवा कच्ची आहे."

अशा या हवेच्या पुरस्कर्त्या बाईंच्या दारापुढच्या ओट्यावर एकच वस्तू घट्ट बंद होती. काचेची एक बरणी. तळाला शाईसारखा काळा गाळ, त्यावर जांभळट पट्टा, वर शेवाळी पाणी, आणि झाकणाभोवती मेण. येणारा प्रत्येक जण तिला लोणचं समजे. एकदा मी विचारलं, तेव्हा त्या हसल्या.

"ती आमची पैज आहे." त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते आणि पानाचे शौकीन. हवा नसेल तिथे पान कुजत नाही, असं बाई म्हणाल्या. जगात न कुजणारं काही नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनीच डब्यातलं विड्याचं एक पान उचलून गाळात खुपसलं आणि झाकण लावलं. "ह्यांनी अटही घातली. म्हणाले, उघडशील तेव्हा साक्षीदार हवा. वादीच्या एकट्या शब्दावर निकाल लागत नसतो. आणि त्याच पावसाळ्यात गेले."

"मग उघडून पाहिली नाहीत?"

"उघडली की पैज संपली ना ग." एवढं बोलून त्या खिडकी उघडायला गेल्या. ती उघडीच होती.

परवा ती पैज शेळीने संपवली. ओट्यावरच्या जास्वंदीला तोंड घालताना तिचा धक्का लागला आणि बरणी पायरीवर आपटली. फुटली नाही, पण काचेवर वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि त्यातून पाणी झिरपू लागलं. आवाज ऐकून मी धावले. हिराबाई शेळीचा कान धरून उभी होती, चेहरा उतरलेला.

"बाई, लई चुकलं. आंब्याचं व्हतं का लिंबाचं? मी नवी भरून देते की."

सुमतीबाई ऐकतच नव्हत्या. दोन्ही तळवे त्यांनी तड्यावर दाबून धरले होते. बोटांमधून काळं पाणी ओघळत होतं.

"हवा शिरतेय," त्या म्हणाल्या. गावभर खिडक्या उघडत फिरलेल्या त्या बाईंना हवेची भीती वाटताना मी प्रथमच पाहत होते.

मग त्यांनी तळवे उचलले, मेण खरवडलं, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. गंधकाचा तोच वास उसळला. गाळातून पान वर आलं. त्यांनी ते तांब्यातल्या पाण्याने हलकेच धुतलं. ते पिवळसर हिरवं होतं; शिरा न् शिरा जागेवर, देठाशी नखाने खुडल्याची खूणसुद्धा.

"आत्ता तोडल्यागत हाय की!" हिराबाई पुटपुटली.

आणि आमच्या डोळ्यांदेखत ते काळवंडू लागलं. आधी कडा, मग शिरांमधल्या जागा, जशी वहीवर सांडलेली शाई पसरत जाते. सुमतीबाईंनी ते झाकलं नाही. तळहातावर धरून ठेवलं, अगदी पुरतं काळं होईपर्यंत. मग मान वर करून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं,

"पाहिलंस?"