नळाकडे जाणारे पाय

हात कसे धुवायचे हे मला कोणी शिकवू नये! सर्जन आहे मी. म्हणजे, सहायक सर्जन. ऑपरेशनआधी ब्रश-साबणाने कोपरापर्यंत घासून घासून माझ्या हातांची अशी दशा झाली होती, की बायकोच्या गालाला हात लावला तर ती ओरडायची, "ती किसणी बाजूला ठेव आधी!"

म्हणून मी आमच्या सरांच्या हात धुऊन मागे लागलो.

"सर, आता अल्कोहोल चोळतात! ब्रश नको, पाणी नको. दीड मिनिटात काम फत्ते! जंतू मरतात, कातडी वाचते!"

सर म्हणजे जुनं खोड. मनासारखे हात घासल्याशिवाय सुरीला शिवणार नाहीत. म्हणाले, "करून दाखव. जमलं तर बाटली ठेवू. नाहीतर मी रिटायर होईपर्यंत ब्रश!"

माझ्या कातडीचा प्रश्न होता हो!

आत टेबलावर हर्नियाचे पेशंट, एक हेडमास्तर. कमरेखाली बधिर, कमरेवर टक्क जागे. सर नळाशी घासायला लागले. मी कोरड्या हातांवर अल्कोहोल घेतलं, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत झकास चोळलं, "झालं, सर!" म्हणत ऐटीत वळलो, कोपराने नळ उघडला आणि हात स्वच्छ धुऊन टाकले!

"अहो डॉक्टर!" सिस्टर किंचाळल्या. "हे काय केलंत?"

सवय! दुसरं काय? पाय आपोआप नळाकडे गेले. मी घाईघाईने पुन्हा बाटलीखाली हात धरले.

"ओल्या हातांवर नको! आधी कोरडे करा!"

कोरडे केले. पुन्हा चोळलं. आता हात नुसते वाळू द्यायचे. पण गप्प राहीन तर मी कसला! "सर, यातली खरी गोम कुठे आहे माहितीये? इथे!" म्हणत मी भिंतीवरच्या, हात चोळायच्या पायऱ्या दाखवणाऱ्या तक्त्यावर चक्क बोट टेकवलं.

"गेलं! आता पुन्हा पहिल्यापासून!" सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"डॉक्टर आले का?" आतून हेडमास्तरांचा आवाज.

"एक येतायत!" सिस्टर ओरडल्या. "दुसऱ्यांची तालीम चाललीय!"

"उशिरा येणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा करतो!"

मी बाहेरच उभा होतो. सर मात्र घासून, गाऊन-हातमोजे चढवून कधीच आत गेले होते. पुन्हा पुन्हा चुकत मी पोचलो तेव्हा शेवटचे टाके उरले होते.

पुढच्या ऑपरेशनआधी सरांनी स्वतःच बाटली पुढे ओढली. चोळलं, वाळू दिलं, हातमोजे घातले. कुठे घाई नाही, गडबड नाही. माझा जीव टांगणीला!

"बाटली पास," सर म्हणाले. मी उडी मारणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तू नापास."

हल्ली आमच्याकडे सगळेच अल्कोहोल चोळतात. माझी पाळी आली की सिस्टर नळासमोर हात पसरून उभ्या राहतात. परवा त्या रजेवर होत्या. ऑपरेशनला जरा उशीर झाला, एवढंच सांगतो!