भिमाजी मौन धरतो

"जखऱ्या कितीतरी महिने मुका राहिला, मग आपल्याला नाताळपर्यंत गप्प बसायला काय जड आहे!" काष्टीच्या भिमाजी पाटोळ्यानं चर्चमधून घरी येता येता ठरवूनच टाकलं. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. बायबलातला योहान जन्मेपर्यंत त्याच्या बापाची, जखऱ्याची, वाचा कशी गेली होती ते पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. ती शिक्षा होती, हा भाग भिमाजीनं सोयीनं सोडून दिला!

तसं त्याला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी नाताळच्या भजनात त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला, पुंजारामला, भर मंडळीत विचारलं होतं, "ढोलकी वाजवतोस का पत्र्यावर कुत्रं पळवतोस?" पुंजाराम ढोलकी काखेत मारून भिंगारला गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. भिमाजीला आतून फार लागलं होतं. माफी मागायला फोन करायचा आणि दुसऱ्याच वाक्याला भांडण! म्हणून बेत असा, की नाताळपर्यंत जीभ बांधायची आणि ती मऊ झाली की भावाला सणाला घरी बोलवायचं. शिवाय उपास करावा तो गुपचूप, असं शास्त्रच सांगतं. तेव्हा बायकोलाही सांगायचं नाही, आणि लिहायचंही नाही!

सोमवारी सकाळी जयानं चहा दिला. भिमाजी गप्प.

"अहो, साखर घालायची राहिली का?"

गप्प.

"बरं न्हाई का?"

हे देवासाठी चाललंय, हे सांगायला भिमाजीनं बोट आभाळाकडं केलं.

"अगं बाई! वर जायचं म्हणताय?"

छे छे! त्यानं जोरजोरात मान हलवली, आणि मनातली गोष्ट आहे म्हणून छातीवर हात ठेवला.

"छातीत दुखतंय! बानूभाभी, धावा हो!"

शेजारची बानू धावली. तिच्यामागं गल्लीतला कानिफनाथ टेम्पो घेऊन हजर! भिमाजीला उचलून टेम्पोत घातलं आणि थेट श्रीगोंद्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "छाती ठणठणीत, घसाही ठणठणीत!" झालं! जयाचा उरलासुरला धीरही सुटला. "म्हंजी डोक्यात गेलं!" म्हणून तिनं हंबरडा फोडला आणि आधी पाळकसाहेबांना, मग पुंजारामला फोन लावला.

संध्याकाळी घरात प्रार्थनेला माणूस मावेना. भिमाजी गोधडी पांघरून खाटेवर. आता बोलावं तर लोक चपलेनं हाणतील, या भीतीनं तो आणखीच गप्प झाला होता. तेवढ्यात दारात पुंजाराम! काखेत ढोलकी, डोळ्यांना धार.

"दादा! एकदा बोल रे! शिवी दे, पन बोल!"

पाळकसाहेबांनी भजन धरलं. पुंजारामनं डोळे पुसत थाप मारली, आणि भजन निघालं काष्टीला तर ढोलकी निघाली दौंडला! भिमाजीनं दात आवळले. गोधडी तोंडात कोंबली. पण किती सोसणार!

"आरं, सम सोडून कुटं चाललास!"

"हालेलुया!" सगळं घर ओरडलं. "अल्लाचा शुकर!" बानूनं हात वर केले. रविवारी भिमाजीनं या चमत्काराची साक्ष द्यायची, असं पाळकसाहेबांनी तिथंच जाहीर करून टाकलं!

"थांबा हो!" भिमाजी उठून बसला. "मला काय बी झालं न्हाई. मौन धरलं हुतं. याच जिभेनं भाऊ तोडला, म्हणलं नाताळच्या आधी तीच बांधून बघू. पुंज्या, चुकलं माझं."

पुंजाराम लालबुंद झाला.

"मी भिंगारपास्नं रडत आलो! एसटीत कंडक्टरनं पानी पाजलं मला!"

"आरं पन..."

"गप! मौन धरलंय ना? मग नाताळपातुर धर! मी हितंच मुक्काम टाकतो. बगतोच कसा बोलतोस!" आणि असं म्हणत त्यानं भावाला घट्ट मिठी मारली.

मग इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं तो बोलत सुटला. भिमाजीनं मध्ये दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि डोळे पुसत ऐकत राहिला.

जया चहा घेऊन आली. कधी नव्हे ती खुशीत होती.

"भावजी, नाताळ झाला की लगेच पळू नका हं. पुढं चाळीस दिसांचा उपासकाळ येतोच. ईस्टरपातुर ऱ्हावा की!"