बिशपांची चापट

ज्ञानोबाच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या साली लातूर जिल्हा झाला. पाऊस तेवढा झाला नाही. निलंग्याकडच्या त्या वाडीत विहिरी तळाला गेल्या, आणि अशात फादर सांगत आले की हिवाळ्यात बिशप येणार, दृढीकरण देणार.

"बाप्तिस्म्याला तुम्हाला कुणीतरी कडेवर आणलं होतं," फादर म्हणाले. "आता आपल्या पायांनी यायचं. पवित्र आत्म्याचं बळ घ्यायचं, म्हणजे पुढं काही सोसावं लागलं तरी विश्वास ढळणार नाही."

ज्ञानोबाच्या बायकोच्या, शरणम्माच्या, पोटात गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मरायच्या आधी दोघांचं दृढीकरण एका दिवशी व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. ज्ञानोबा हो म्हणाला.

मग त्याला गुरुपादप्पा भेटला. हा बिदरकडचा. त्याचं दृढीकरण लहानपणीच तिकडं झालेलं, म्हणून विधीत ज्ञानोबाचा साक्षीदार होऊन, खांद्यावर हात ठेवून मागं उभं राहायचा मान त्याचा.

"कपाळाला तेल लावतेत," तो म्हणाला, "अन् मग गालावर एक चापट देतेत."

"कशापायी?"

"सोसायची तयारी हाय का बघाया."

ज्ञानोबा तसाच घरी आला. निजामाच्या राज्यात एका जमादारानं त्याला भर चावडीपुढं थप्पड मारली होती. परत कुणाच्या हातची खायची नाही, अशी त्यानं तेव्हाच शपथ घेतली होती.

"मी येत न्हाई," तो म्हणाला.

"एका चापटीचं एवढं वझं होऊन राहिलं व्हय?" शरणम्मा बाजेवरून म्हणाली.

"शपथ हाय माझी."

"मग मीबी जात न्हाई. तशीच मरते." आणि तिनं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशीही तिनं ताट सरकवलं, तेव्हा ज्ञानोबानं शपथ सोडली.

बिशप आले त्या दिवशी तो डोळे मिटून, दात आवळून, डावा गाल पुढं करून उभा राहिला. बिशपांनी कपाळाला तेल लावलं, "शांती तुझ्याबरोबर असो" म्हटलं आणि ते पुढं सरकले. ज्ञानोबा हलेना.

"झालं बाबा, बाजूला व्हा," फादर कुजबुजले.

"चापट ऱ्हायली."

"ती पद्धत कधीच बंद झाली."

"गुरुपादप्पाला दिली, अन् माझंच कच्चं ठिवता व्हय?"

रांग थांबली. शेवटी बिशपांनी हसून त्याच्या गालावर हलकी चापट मारली. तेवढ्यात रांगेत त्याच्या शेजारच्या चांगुणाबाईनं आपला गाल पुढं केला.

"त्याला दिली, मग मलाबी द्या."

मग कुणीच चापटीशिवाय हलेना. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. अर्धं काम त्यांना चालत नसे. बिशपांचा तळवा लाल झाला.

शेवटी स्टुलावर शरणम्मा होती, तिला उभं राहवत नव्हतं. बिशपांनी तेल लावलं आणि आपण होऊन हात उचलला. तिनं तो हळूच बाजूला केला.

"मला नगं, बापा. मी घरी लई खाल्ल्या."

सगळं चर्च हसलं. गुरुपादप्पा तर भिंतीला टेकून हसला. ज्ञानोबा खाली बघत राहिला. मग बिशपही हसायचे थांबले.

बैलगाडीतून घरी येताना शरणम्मानं विचारलं, "राग आला व्हय?"

"न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. मग कासरा ओढत म्हणाला, "सोसून राहिलो."

शरणम्मा पुढच्याच उन्हाळ्यात, १९८३ च्या मे महिन्यात वारली.