बँकेच्या दारातल्या चपला

"दारात एक जरी चप्पल दिसली, तर तुमची रवानगी मेराउकेला," असं विभागीय कचेरीतून फोनवर ऐकल्यापासून मॅनेजर मानुरुंगसाहेबांचा आल्याचा चहा टेबलावर तसाच गार होत पडला होता.

मेराउके म्हणजे देशाचं पार पूर्वेचं टोक. कारांगसारीच्या शाखेतून तिथे जायचं म्हणजे विमानं बदलत बदलत जायचं, आणि उतरून नकाशा पाहिला तर पुढे नकाशाच संपलेला. साहेबांची मुलगी यंदा बारावीला. बायको, रोस्मिदा, फोनवर एवढंच म्हणाली, "तुम्ही जा हो खुशाल. मी नि पोरगी इथेच राहू. भात कसा शिजवायचा तेवढं जाताना विचारून घ्या." साहेबांना अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं. त्या फोनपासून ते एसीखाली बसून घाम पुसत होते.

झालं होतं असं, की कुणा रिकामटेकड्याने बँकेच्या काचेच्या दाराचा फोटो काढला होता. दारात झिजलेल्या, शिवलेल्या, पट्ट्याला तार बांधलेल्या चपलांची रांग. खाली मजकूर, 'या बँकेत गरिबांनी पायताण काढूनच आत यायचं!' फोटो फिरत फिरत जकार्ताच्या मुख्य कचेरीत पोचला. तिथे नेमकी 'गरीब ग्राहक म्हणजे घरचा पाहुणा' ही मोहीम सुरू झालेली. तिच्या प्रमुख सिनागाबाई भडकल्या आणि स्वतः बघायला निघाल्या. येण्याचा दिवसही त्यांनी असा निवडला, की कारांगसारीत त्या दिवशी पोनचा, म्हणजे जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या एका वाराचा, बाजार. पंचक्रोशीतल्या बाया माल विकून दुपारपर्यंत बँकेत यायच्या. जकार्ताच्या कॅलेंडरात पोनबिन काही नसतं. तोच दिवस आज उजाडला होता.

खरं म्हणजे साहेबांनी कुणाला चप्पल काढायला जन्मात सांगितलं नव्हतं. बाया आपणहून काढत. पण हे जकार्ताला पटवणार कोण?

"सुरोतो!" साहेब ओरडले. वॉचमन सुरोतो धावत आला. "बाहेर किती चपला आहेत?"

"आहेत थोड्या, साहेब," सुरोतो जमिनीकडे बघत म्हणाला. म्हणजे पायरीवर जागा उरली नव्हती.

साहेब तडक बाहेर गेले. मानुरुंगसाहेब सुमात्राचे, तोबा तळ्याच्या काठचे बताक. बताक माणसाच्या पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही, आणि ते येतं पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात. इथल्या, जावामधल्या माणसाला मात्र समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायची भारी लाज. काहीही विचारा, तो मान लववून 'इंग्गिह' म्हणतो. म्हणजे 'होय जी'. आता हे 'होय जी' म्हणजे होय, का बघू, का मरेन पण करणार नाही, हे ऐकणाऱ्याने आपल्या अकलेने ओळखायचं. इथे पाच वर्षं काढून साहेबांना ते ओळखता येत नव्हतं. त्यांच्या लेखी हो म्हणजे हो.

"बायांनो! चपला घालूनच आत यायचं! कळलं?"

बाया दचकल्या. आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे विकणाऱ्या पाइनेमआजीच्या हातातली टोपली पडता पडता राहिली. मग सगळ्यांनी एकदम मान लववली. "इंग्गिह, साहेब."

साहेबांना हायसं वाटलं. आत येऊन ते जेमतेम खुर्चीत टेकले आणि काचेतून पाहतात, तो बाया अनवाणी पायांनी एकेक करून आत येताहेत, आणि पायरीवरची रांग फुटपाथपर्यंत गेलेली.

"अरे, आत्ता हो म्हणाल्या ना सगळ्या?"

"म्हणाल्या की, साहेब."

"मग?"

"मग काय, साहेब? म्हणाल्या," सुरोतो म्हणाला. यापुढे आणखी काय समजावून सांगायचं, हे त्यालाही कळेना.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तोंडी सांगून उपयोग नाही, तर लेखी सांगावं म्हणून त्यांनी सुरोतोला पाटी लिहायला बसवलं. सुरोतोचं अक्षर सुरेख. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'येथे चपला काढू नयेत' आणि पाटी दारात लावली. बायांनी पाटी वाचली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली, आपसात कुजबुजल्या, आणि भराभर आपापल्या चपला उचलून हातात घेतल्या. पायरी लख्ख मोकळी झाली. साहेब आनंदाने उठले आणि तसेच मटकन खाली बसले. बाकावर सगळ्या बाया ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर तिची चप्पल. पाइनेमआजीने तर केळीच्या पानात गुंडाळून टोपलीत ठेवली होती.

"हे काय, आजी?"

"तिथे काढू नका असं लिहिलंय ना साहेब. म्हणून दारातून उचलली. उद्यापासून गल्लीच्या तोंडाशीच काढू," आजी हसून म्हणाली. "चुकलं होय आमचं? इतके दिवस तुमच्या दारात पसारा करत होतो."

"सुरोतो! 'येथे' कशाला लिहिलंस तू 'येथे'?"

"सगळ्या पाट्यांवर असतंच ना, साहेब, 'येथे'."

साहेबांना डोळ्यांसमोर पुढचा फोटो दिसू लागला. 'आता गरिबांनी चपला मांडीवर घेऊन बसायचं!' ते फरशीकडे टक लावून बघू लागले. या बाया लाजतात कशाला, तर फरशीला. आरशासारखी चकचकीत, तीत आपलं तोंड दिसतं. त्यात धुळीचा पाय कसा टाकायचा? मग फरशीच घाण असेल तर? भीतीने माणसाचं डोकं कधी कधी फार जोरात चालतं, आणि नको त्या दिशेला चालतं. साहेबांनी खिडकीतल्या कुंड्यांमधली ओली माती ओंजळीने काढली, फरशीभर शिंपडली आणि बुटांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नीट तुडवली. काउंटरवरची मुलगी नोटा मोजायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

"हं! आता घाला बघू चपला!"

बाया आ वासून फरशीकडे पाहत होत्या. भाजीवाल्या कात्मीने गालावर हात ठेवला. "अगंबाई! आज जकार्ताच्या मोठ्या बाई यायच्यात म्हणे, नि झाडलोट करणारा आलाच नाही वाटतं! नोकरी जाईल बिचाऱ्याची!"

"त्याची कसली, साहेबांची जाईल," पाइनेमआजी म्हणाली. "बघा ना, तोंड कसं उतरलंय. चला गं."

पुढचं सगळं साहेबांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या आवाक्याबाहेर घडलं. कात्मीने कोपऱ्यातला झाडू काढला. कुणी बादली आणली, कुणी खांद्यावरचं फडकं भिजवलं. चपला बाकावर ठेवून, लुगडी वर खोचून सगळ्या बाया गुडघ्यांवर बसल्या आणि बँक पुसायला लागल्या.

"नका पुसू! हात लावू नका! उठा म्हणतो ना!" साहेब जिवाच्या आकांताने ओरडत होते. त्यांचा आवाज जितका चढे, तितके बायांचे हात भरभर चालत. साहेब ओरडताहेत म्हणजे अजून डाग राहिलाय, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता.

साहेब कात्मीच्या हातातला झाडू हिसकायला धावले.

"थांबा साहेब!" पाइनेमआजी कळवळून म्हणाली. "आत्ताच पुसलंय हो. तेवढे बूट काढता का?"

घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो. साहेबांनी बूट काढले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात झाडू, पायांत मोजे, असे ते उभे असतानाच काचेचं दार उघडलं आणि टाचा वाजवत सिनागाबाई आत आल्या.

सिनागाबाईंनी बाकावरच्या चपला पाहिल्या. गुडघ्यांवर बसलेल्या अनवाणी बाया पाहिल्या. साहेबांना तर त्यांनी दोनदा पाहिलं.

"मानुरुंग," त्या म्हणाल्या. त्याही बताक, त्यामुळे बाहेरच्या रिक्षावाल्यानेही मान वळवली. "चपला काढायला लावता असं ऐकून आले होते. इथे तर तुम्ही लादीही पुसून घेताय!"

सिनागाबाई बायांकडे वळल्या. "घाबरू नका. मला खरं सांगा. या बँकेत तुम्हाला बरं वाटतं?"

"इंग्गिह."

"म्हणजे त्रास नाही काही?"

"इंग्गिह."

"म्हणजे त्रास आहे?"

"इंग्गिह," बाया अदबीने म्हणाल्या.

सिनागाबाईंनी सुस्कारा सोडला. "चपला का काढता मग? कुणी सांगितलं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कात्मी पुटपुटली, "पाय मळके असतात, बाई." दुसरी म्हणाली, "रीत आहे आमची." तिसरी नुसतीच हसली. साहेबांना मेराउकेच्या खोलीत स्टोव्हवर करपणारा भात दिसत होता. त्या करपट वासाने त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं, आणि ते पाइनेमआजीने पाहिलं.

आजी उठली. लाजत लाजत सिनागाबाईंच्या जवळ गेली. "बाई, रागावू नका. तुमचे ते उंच बूट जरा काढाल का?"

"मी?"

"काढा तर."

सिनागाबाईंनी बूट काढले. पाय फरशीवर ठेवला. मग दुसरा ठेवला. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "काय थंड आहे!"

"तेच तर!" आजीचा बांध फुटला. "पहाटेपासून बाजारात उभं राहायचं. डांबर तापतं, तळपाय नुसते भाजून निघतात. इथे आलं, पाय टेकले, की जीव गार होतो बघा. पण मॅनेजरसाहेबांना कसं सांगायचं, की आम्ही तुमच्या फरशीसाठी येतो म्हणून? आम्हालाही लाज आहे."

"मी तर काम नसलं तरी टोकन घेते," कात्मी म्हणाली. "आणि नंबर आला की मागचीला पुढे पाठवते."

अर्ध्या बायांनी खाली माना घातल्या. रांग कधीच का संपत नाही, हे काउंटरवरच्या मुलीला त्या क्षणी कळलं.

सिनागाबाई मोठ्याने हसल्या. हसत हसत बाकावर कात्मीशेजारी बसल्या आणि पाय लांब करून फरशीवर टेकले. "मानुरुंग! गरिबांनी बँकेत यावं म्हणून आम्ही जकार्तात डोकेफोड करतोय, आणि तुमच्याकडे काम नसताना येऊन बसतात! अशी दुसरी शाखा दाखवा मला. कुणी पाठवणार होतं ना तुम्हाला मेराउकेला?"

"हो, बाई," साहेब चाचरत म्हणाले.

"शिक्षा म्हणून? मूर्ख लेकाचे! तिकडे आपल्या शाखांत कुत्रं फिरकत नाही. तुमच्यासारखा माणूस तिथे बढतीवरच जायला हवा. सगळा पूर्व विभाग तुमच्या हाती देते. जाल ना?"

साहेबांच्या घशात अस्सल बताक 'नाही' येऊन थांबलं. पण समोर पाइनेमआजी उभी होती. आपल्यामुळे साहेबांचं भलं झालं, या आनंदाने तिचं दात नसलेलं तोंड फुललं होतं. मागे सगळ्या बाया ओली फडकी हातात घेऊन कौतुकाने पाहत होत्या. या सगळ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं? साहेबांना कधी नव्हे ती भयंकर लाज वाटली. त्यांनी मान लववली आणि जन्मात कधी काढला नव्हता अशा मऊ आवाजात म्हटलं, "इंग्गिह."

बायांचं हसू एकदम मावळलं. कात्मीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अगंबाई," पाइनेमआजी कुजबुजली, "जायचं नाहीये गं त्यांना."

"शाब्बास!" सिनागाबाईंनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. "आपल्या बताक माणसाचं हेच मला आवडतं. हो म्हणजे हो!" आणि तिथल्या तिथे फोन काढून त्यांनी विमानाचं तिकीट काढायला सांगितलं.

सुरोतोने साहेबांच्या हातातला झाडू हळूच काढून घेतला.

"साहेब," तो म्हणाला, "पाच वर्षांत आज पहिल्यांदा बरोबर म्हणालात. फक्त ऐकणारं माणूस चुकलं."