फळ अंगावर असताना

आषाढात कोल्हापूर पावसानं झोडपून निघत असायचं आणि शाहूपुरीतले कॉफीवाले ईरप्पाअण्णा दुकानातून मला हाक मारायचे, "गुरुजी, ब्राझीलात थंडी पडली काय?"

मी शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळं ब्राझील माझ्याच ताब्यात आहे, असा त्यांचा समज. मी छत्री सावरत "बघतो" म्हणायचो. काय बघणार होतो, देव जाणे.

कारण साधं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीची, गौराक्काची, कर्नाटकात सकलेशपूरकडं चार एकर कॉफी. ब्राझीलात हिम पडून झाडं करपली की जगात माल कमी आणि अक्काला भाव जास्त. नव्वदीच्या मध्यावर एकदा खरंच हिम पडलं. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. मी मास्तरकी केलीच. म्हटलं, तिकडं कुणाचं तरी वाटोळं झालंय. अण्णांचा हात पेढ्यांच्या खोक्यातच राहिला.

"तिथंबी बाईमाणसंच फळं तोडत्यात काय हो?"

पुस्तकात ते नव्हतं.

पुढं चारपाच वर्षांनी व्हिएतनामची कॉफी जगभर लोटली. दर इतका कोसळला की तोडणीची मजुरीही निघेना. अक्काचा फोन आला: बाग काढून आल्याचं पीक लावणार. पण फळ अंगावर असताना झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा तिच्या सासरचा नेम. म्हणजे आधी तोडणी. अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मलाही ओढून नेलं.

जन्मभर कॉफी विकलेल्या माणसानं पहिल्या दिवशी हिरवी-तांबडी सगळीच फळं ओरबाडली. त्यांचं बघून मीही. अक्का धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणायची. बुट्टीत डोकावून म्हणाली, "तम्मा, भुईमूग उपटालास काय?" तोडणी संपायची वाट बघत बांधावर बसलेले कुऱ्हाडवाले हसले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा एकेक तांबडं फळ निवडून तोडू लागले. पाचोळ्यात पडलेलंही वाकून शोधायचे. हिरवं दिसलं की म्हणायचे, पिकू दे त्याला. मी म्हटलं, अण्णा, अशानं महिना जाईल.

"जाऊ दे की," ते झाडाकडं बघतच म्हणाले. "तवर हुभी ऱ्हातील."

अक्का मागच्याच ओळीत होती. संध्याकाळी तिनं कुऱ्हाडवाल्यांना घरी पाठवलं, आणि सकाळी भावाच्या हातात निम्म्या आकाराची बुट्टी दिली.