मच्छरदाणीतलं दार

आमच्या शेजारी मोटारीचं एक दार मच्छरदाणीत झोपतं आणि दाराचा मालक बाहेर पायरीवर बसून डास मारतो. मी थट्टा करत नाही. उदगीरला आमच्या गल्लीत या, डोळ्यानं बघा. अंगणात लोखंडी पलंग, त्यावर गोधडी, गोधडीवर गाडीचं पांढरं दार, आणि पलंगाच्या चारी पायांना बांबू बांधून वरून मच्छरदाणी सोडलेली. पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा फाटकातच थांबला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "कोण सिरीयस हाय का?"

दाराच्या मालकाचं नाव बसप्पा. शाळेत ड्रिलमास्तर होता. गळ्यात शिट्टी असायची, पण ती त्याला कधी फुंकावी लागली नाही. मैदानाच्या ह्या टोकाला तो "सावधान" म्हणाला, की पलीकडच्या रस्त्यानं चाललेल्या म्हशीसुद्धा उभ्या राहायच्या. रिटायर झाला आणि मागोमाग त्याची बायको गेली. एकुलती एक पोरगी शिवलीला, ती नांदेडला दिलेली. घरात हा आणि ही गाडी. चार खोल्यांतल्या तीन बंद असतात. सकाळी भात टाकतो, तोच संध्याकाळी ताक घालून खातो.

तर हा माणूस ह्या वयात गाडीला रंग द्यायला शिकून राहिलाय. शिकवतो कोण, तर मोबाईल. त्यात एक दाढीवाला पोरगा तोंडाला फडकं बांधून हिंदीत बोलतो. बसप्पा त्याला गुरुजी म्हणतो. पोरगा नातवाच्या वयाचा असेल, पण त्याचं बोलणं सुरू झालं की हा खुर्चीवर ताठ होऊन बसतो. काहीही विचारा, उत्तर तिथूनच येणार. "गुरुजी म्हणतात, घाई करू नये." "गुरुजी म्हणतात, हात मनगटातून हलवू नये." एकदा मी विचारलं, "मास्तर, जेवलास का?" तर म्हणाला, "गुरुजी म्हणतात, पहिला हात वाळल्याबगर दुसरा मारू नये." म्हणजे जेवला नव्हता.

ऐकायला काम सोपं आहे. जुना रंग घासायचा, खड्ड्यात पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर. क्लिअर म्हणजे रंग नसलेला रंग. डब्यात पाण्यासारखा दिसतो, पण गाडीला काचेसारखी चमक येते ती त्याचीच. बसप्पाचं घोडं तिथंच अडायचं. जाड मारला की ओघळ यायचे. पातळ मारला की वर दाणे उठायचे. गुरुजींच्या भाषेत ती संत्र्याची साल. मला तरी म्हशीची पाठ वाटायची. त्यात आमच्याकडं डाळमिली लई. दुपारी तुरीचं फोलकट हवेत उडतं आणि ओलं काही दिसलं की त्यावर येऊन बसतं. मच्छरदाणी डासांसाठी नाही, ती फोलकटासाठी आहे.

हात बसवायला म्हणून त्यानं आधी घरातल्या वस्तू धरल्या. धान्याच्या कोठीचं झाकण, पाण्याचा ड्रम, बायकोच्या माहेरची पेटी, सगळं पांढरंशुभ्र. मग घरातलं संपलं म्हणून माझ्या सायकलचं मडगार्ड मारून ठेवलं, मला न विचारता.

"मास्तर, ही काय सायकल हाय का अँब्युलन्स?"

"दादा, ओघळ बघा किती कमी हायेत."

"तू ओघळ बघ. मला बाजारात जायचंय."

मला त्याचा राग यायचं दुसरं कारण म्हणजे तो मला काही विचारत नव्हता. मी शाळा जास्त बघितली नाही, पण रंग बघितलाय. माझ्या दावणीला देवणी बैल होते. दरसाल पोळ्याला त्यांची शिंगं मी माझ्या हातानं रंगवली, आणि वर वार्निशचा हात दिला. बैल मान हलवत असतो, शेपटी मारत असतो, तरी माझा रंग शिंगाबाहेर गेला नाही. मी बसप्पाला म्हणालो, "दार तर हालत बी न्हाई. तुला जमंना कसं?" त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी वर्गात उशिरा आलोय.

बसस्टँडजवळ पेंटर आहेत. एका दिवसात दार मारून देतात. मी तेही सांगून बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "दादा, बोललो मी. पेंटरनं का निस्तरावं?"

हे कशाबद्दल, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला शिवलीला आली होती. बापाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून हीच गाडी काढून बाजारात गेली. येताना फाटकातून आत घेताना अंदाज चुकला आणि लोखंडी कडी दाराला पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत गेली. बसप्पा बाहेर आला. पुढं जावई उभा, गल्लीतली माणसं उभी. आणि तो मैदानातल्या आवाजात ओरडला. अक्कल काढली, शिक्षण काढलं, सासरच्यांनी डोक्यावर बसवलंय तेही काढलं. पोरीनं गोळ्यांची पिशवी पायरीवर ठेवली. ताट वाढलेलं होतं, ते तसंच राहिलं. संध्याकाळच्या एसटीनं दोघं नांदेडला गेले.

त्यानंतर ती आली नाही. भांडण म्हणावं तर तसंही नाही. फोन करते. "गोळी घेतली का?" "घेतली." "ठेवते." मी बसप्पाला म्हणालो होतो, की दोन शब्द फोनवर बोलून टाक. तो म्हणाला, "तोंडाचं न्हाई ऐकणार ती आता. दार दाखवीन." यंदाच्या दिवाळीला बघते म्हणाली होती. तेवढ्यासाठी ही सगळी रंगपंचमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी क्लिअर साधला. मी स्वतः बघितलं. ओघळ नाही, दाणा नाही. बसप्पानं दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छरदाणी काढून दार उन्हाला लावलं आणि आंघोळीला गेला.

आता दसऱ्याला आमच्याकडं गाडी, अवजार, शिवणयंत्र, सगळ्याची पूजा होते. बसप्पाच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून त्याची गाडी दरसाल माझी बायको कौसाबाई पूजते. ती ताट घेऊन गेली. गाडीला हळदकुंकू लावलं. मग तिच्या मनात आलं, की दार बाजूला पडलंय, ते कोरडं का राहावं. बोट ओल्या हळदीत बुडवून तिनं दाराच्या मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं, चारी बाजूंना हळदीचे ठिपके दिले, आणि वर झेंडूचं फूल दाबून बसवलं. क्लिअर वरून सुकला होता, आतून नाही. ऊन लागलं तसं सगळं आत मुरलं.

मी धावत गेलो, ओलं फडकं लावलं. हळद निघाली, पण पिवळा डाग राहिला, बोटाची खाच राहिली, आणि झेंडूच्या दोन पाकळ्या तर अशा चिकटल्या, जशा कंपनीतूनच आल्या. तेवढ्यात बसप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

कौसाबाई ताट धरून तिथंच उभी. फाटकाशी दोनचार माणसं जमली. ह्याचा आवाज सगळ्यांना माहीत. मीही तयार होतो. म्हटलं, माझ्या बायकोला एक शब्द बोलला तर आज ह्याला सोडत नाही.

बसप्पानं दार बघितलं. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मानेची शीर उठली होती, ती हळूहळू खाली गेली.

"वहिनी," तो म्हणाला, "गाडीला नारळ फोडलात का?"

"न्हाई भावजी."

"मग फोडा की. खोबरं द्या मला."

एवढंच. इतक्या हळू बोलला, की फाटकातल्यांना ऐकूही गेलं नसेल. कौसाबाई घरी येऊन रडली. मला म्हणाली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुन्हा घासणं, पुन्हा रंग, पुन्हा क्लिअर. ह्या वेळी मी पायरीवर बसून राखण केली, आमच्या घरच्यांपासूनसुद्धा. दिवाळीच्या तोंडावर दार आधीपेक्षा झकास निघालं. मेकॅनिकला बोलावून गाडीला बसवलं. बसप्पानं गाडी मुद्दाम अशी लावली, की फाटकातून आत येणाऱ्याला आधी तेच दार दिसावं. बंद खोल्यांतली एक उघडली, झाडली, नवी चादर घातली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी शिवलीलाचा फोन आला. बसप्पाला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो. मी तिथंच होतो.

"अप्पा, यंदा न्हाई जमत. ह्यांच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"बरं."

"उन्हाळ्यात बघू. गोळी घेतली का?"

"घेतली." मग तो घाईघाईनं म्हणाला, "लीला, दार चांगलं झालंय आता."

"कुठलं दार, अप्पा?"

तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मला उत्तर येतंय.

"काही न्हाई," तो म्हणाला. "सासूला जप. ठेव."

मी घरी आलो. मला वाटलं, माणसाला थोडं एकटं सोडावं. पण थोड्या वेळानं बघतो तर बसप्पा गाडीजवळ पाट टाकून बसलेला. शेजारी पाण्याची बादली, हातात रंग घासायचा काळा पॉलिश पेपर.

"मास्तर, हे काय करून राहिलास? दार तर झालं की."

"उन्हाळ्यात येते म्हणली. तवर नीट करून घेतो."

"आता काय वाईट हाय त्यात?"

त्यानं कागद बादलीत बुडवला. मी वाकून दार बघितलं. माझे डोळे अजून चांगले आहेत. त्यात काही कमी नव्हतं. मागचं आभाळ, फाटक, आमची दोघांची म्हातारी तोंडं, सगळं त्यात स्वच्छ दिसत होतं.

घासताना कोणीतरी वरून पाणी सोडावं लागतं, नाहीतर कागद रंगाच्या भुकटीनं भरतो. मी तांब्या घेतला आणि खाली बसलो. त्यानं कागद फिरवायला सुरुवात केली. आधी दारातलं त्याचं तोंड पुसट झालं, मग माझं. मी पाणी सोडत राहिलो.